‘जरा पाणी देता का?’ – रोजच्या साध्या शब्दांबद्दल

वेण्णाकाठची | रविवार, रात्री १०.१५

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. आज घरात सगळे लवकर झोपलेत, म्हणून बसले.

माझे सासरे पोस्टमन होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. १९७६ साली नोकरीला लागले, २०११ साली निवृत्त झाले. जावळीच्या खोऱ्यातली डोंगरावरची गावं त्यांच्याकडे होती. निम्मी वाट सायकलवर, पुढची पायी. त्या गावांतली कर्ती माणसं मुंबईला गिरणीत आणि मागे बाया, म्हातारी, पोरं. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक तुकडा असायचा, त्यावर पाठवणाऱ्याला दोन-चार ओळी लिहिता यायच्या. पैसे मोजून दिले की तो मजकूर आप्पा वाचून दाखवायचे आणि तुकडा फाडून हातात द्यायचे. कित्येक बायांनी ते तुकडे ट्रंकेत जपून ठेवले होते, असं सासूबाई सांगतात.

२०२३ च्या पावसाळ्यात आप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, याला वाचाघात म्हणतात. त्यांना बरंचसं समजतं, पण शब्द सापडत नाहीत. तीन आठवडे तोंडातून अक्षर नाही. नुसते डोळे फिरायचे.

मग एका सकाळी मी त्यांची चादर बदलत होते, तर अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, “जरा पाणी देता का?”

माझ्या हातातली चादर खाली पडली. ह्यांना हाक मारली, सासूबाईंना हाक मारली, धावत जाऊन पाणी आणलं. ठसका लागू नये म्हणून चमच्याने द्यायला गेले, तर त्यांनी तोंड फिरवलं. डाव्या हाताने वाटी बाजूला केली. संध्याकाळी पुन्हा तेच. “जरा पाणी देता का?” पुन्हा पाणी नको. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीला म्हणाले. ती पंधरा वर्षांची, तिलाही “देता का”. तिला आधी हसू आलं, आजोबा मला अहो-जाहो करतात म्हणून. पण त्यांनी पाण्याचा पेला ढकलल्यावर ती आत जाऊन रडली. आम्हाला वाटलं, बिचाऱ्यांना मागायचंय काहीतरी वेगळंच आणि तोंडातून निघतंय हे. औषध विचारून झालं, पंखा विचारून झालं, लघवीला विचारून झालं.

चार दिवसांनी सासूबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, “अगं, हे पाणी मागत नाहीत. हे तारेचं बोलणं आहे.”

तार म्हटलं की त्या काळी काळजात धस्स व्हायचं. पोस्टमनच्या हातात तो कागद दिसला की उघडायच्या आधीच बाया हंबरडा फोडायच्या, कारण तार बहुतेक वाईट बातमीचीच यायची. (तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंदच झाली, पण टेलिफोन घरोघरी आल्यावर तिची भीती आधीच संपली होती.) तर आप्पांची रीत अशी. तार चांगली असली, नोकरी लागली, मुलगा झाला, तर गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत यायचे, “घाबरू नका, चांगली बातमी आहे!” दारात पोचेपर्यंत सगळ्यांचे चेहरे हसरे झालेले असायचे. आणि तार वाईट असली तर दारात उभं राहून इतकंच म्हणायचे, “वहिनी, जरा पाणी देता का?”

ती बाई पाणी आणायला आत वळली की आप्पा शेजारच्या घरातल्या बाईला खुणेने बोलवायचे. ती येऊन ओट्यावर बसायची. तांब्या घेऊन पहिली बाहेर यायची तेव्हा तिच्या बाजूला कुणीतरी असायचं. आप्पा पाणी प्यायचे, तिला बसा म्हणायचे, आणि मग सांगायचे.

पस्तीस वर्षं.

आता आप्पा “जरा पाणी देता का” म्हणाले की आम्ही पाणी आणत नाही. हातातलं ठेवतो आणि त्यांच्या खाटेच्या कडेला बसतो. त्यांना तेवढंच हवं असतं. बसलं की चेहरा निवळतो. मग ते डाव्या हाताने दाखवतात काय ते. कधी काहीच दाखवत नाहीत, नुसता माझा हात धरून ठेवतात.

आज १८ जानेवारी. १९८२ साली याच तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि आप्पांच्या पिशवीतल्या मनिऑर्डरी आटल्या. तरी ते रोजच्या दारांवरून जाताना हाक मारायचे, “वहिनी, आज नाही हं. उद्या हाक मारतो.” त्यांच्याबरोबरचा एक जण म्हणाला होता, कशाला त्यांना रोज ‘नाही’ ऐकवता, वरच्या पायवाटेने निघून जावं. आप्पा म्हणाले होते, “मी दार टाळलं तर त्यांना वाटेल, आपल्याला आता कुणी विचारत नाही.” हे सासूबाईंनी मला चूल सारवता सारवता सांगितलेलं, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

तुमच्या घरात, कामावर, शेजारात असं कुणाचं एखादं साधं वाक्य आहे का, ज्याने तुम्हाला सावरलं? मोठमोठं नको. असंच, पाण्यासारखं. लिहाल का?

---

रानजाई | रविवार, रात्री १०.५२

ताई, काय लिहिलंय तुम्ही. “शेजारच्या घरातल्या बाईला खुणेने बोलवायचे” इथे थांबले मी. पुढे वाचायला पाच मिनिटं लागली.

माझ्या आजीचं वाक्य होतं “आलीस? बरं झालं.” शाळेतून या, माहेरी या, नापास होऊन या. तेच. नापास झाले होते तेव्हाही आधी हेच आणि मग ताट वाढलं. निकाल तिने तिसऱ्या दिवशी विचारला.

---

डबल बेल | सोमवार, पहाटे ५.२०

मी एसटीत वाहक आहे, पहाटेच्या गाडीला निघालोय. डेपोत बसून लिहितो.

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या माणसांना आमच्या गाडीत प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. योजना चांगल्या आहेत, पण गाडीत काय बोललं जातं ते मी रोज ऐकतो. गर्दी झाली, बसायला जागा नाही, की मागून आवाज येतो, “फुकटवाले उठा की!” म्हातारा माणूस काही बोलत नाही. धोतराची कड सारखी करतो आणि खिडकीबाहेर बघतो. मला ते बघवत नाही.

सुरुवातीला मीही घाईत “फुकट का? कार्ड दाखवा” असंच म्हणायचो. शब्द नुसता तोंडात बसलेला, मनात काही नसायचं. मग एकदा एका आजीने कार्ड दाखवलं आणि कनवटीचे दहा रुपये पण पुढं केले. म्हणाली, “लेकरा, एवढं तरी घे, फुकट नको म्हणू.” वयाने माझ्या आईएवढी. मी ते दहा रुपये तिच्या मुठीत परत दाबले आणि काय सुचलं माहीत नाही, म्हणालो, “आजी, तुमचं तिकीट सरकारनं भरलंय. हे बघा, तुमच्या नावचं.” शून्य रुपयाचं तिकीट फाडून हातात दिलं. तिने ते नीट घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं.

तेव्हापासून मी ‘फुकट’ म्हणत नाही. “काका, तुमचं तिकीट सरकारनं भरलंय.” शून्याचं तिकीट मी आधीही फाडत होतो, पण आता हातात देतो, आधी मांडीवर टाकायचो.

आषाढीला जादा गाड्या सोडतो तेव्हा तर शिकवायलाच लागत नाही. “माऊली, जरा पुढं सरका” म्हटलं की अख्खी गाडी सरकते. त्याच माणसांना एरवी “ए, पुढं चल” म्हटलं तर कुणी हलत नाही. भांडणं मी अठरा वर्षं बघतोय. निम्मी भांडणं सुट्ट्या पैशांवरून नसतात, कसं बोललास यावरून असतात.

घंटी झाली. निघतो.

---

अबोली | सोमवार, सकाळी ७.४०

डबल बेल दादा, माझी आई ७८ वर्षांची आहे आणि एकटीने एसटीने माहेरी जाते. तुमच्यासारखा कुणीतरी गाडीत असू दे.

---

स्पष्टच सांगते | सोमवार, सकाळी ११.०५

धागा छान आहे, मूळ लेख फार आवडला. पण मला एक दुसरी बाजू मांडायची आहे आणि ती कडू लागली तरी मांडते.

माझ्या आईला आयुष्यभर गोड शब्दच मिळाले. “तुझ्या हातची पुरणपोळी कुणाला येत नाही.” “तू आहेस म्हणून घर चाललंय.” “आमची वहिनी म्हणजे अन्नपूर्णा.” सणाला वीस-वीस माणसं जेवून हात धुऊन हे बोलायची आणि पाट उचलायला एक जण उठायचा नाही. तिला मणक्याचा त्रास सुरू झाला तेव्हाही “वहिनी, काळजी घ्या हं” एवढं म्हणून दिवाळीला सगळे हजर. गोड बोलून काम काढून घेणं ही आपल्याकडे फार जुनी कला आहे. गोड शब्दांनीच तिची कंबर मोडली, असं मी म्हणते.

म्हणून मला कुणी फार मायेने बोलायला लागलं की आधी भीती वाटते. शब्द कमी चालतील, पण उठून ताट उचला.

---

वेण्णाकाठची | सोमवार, दुपारी १.३०

@स्पष्टच सांगते, तुमचं एकही वाक्य मला खोडायचं नाही. आमच्या घरातही अशा पंगती झाल्यात आणि वाढणाऱ्यांत मी होते.

पण आप्पांचं वाक्य पुन्हा वाचा. ते पाणी मागायचे ते त्या बाईला सावरायला वेळ मिळावा म्हणून. त्या वाक्याच्या मागे त्यांनी काम केलेलं होतं. शेजारणीला बोलावलं, स्वतः बसले, घाई असून बसले, पिशवीत अजून तीन गावांची टपाल होती तरी बसले. तुमच्या आईला जे बोललं गेलं ते बोलणाऱ्यांच्या सोयीचं होतं. मला वाटतं, शब्द ज्याला बोलतोय त्याच्या सोयीचा आहे की आपल्या, एवढं बघितलं तरी फरक कळतो.

आई आता कशा आहेत?

---

स्पष्टच सांगते | सोमवार, दुपारी २.१०

आता माझ्याकडे असते. बरी आहे. स्वयंपाक करू देत नाही तिला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, काल तिला म्हटलं, “आई, आज तू नुसती बस.” तिला दोन मिनिटं कळेचना काय करायचं. मग पदराने हात पुसत (हात कोरडेच होते) खुर्चीत बसली.

‘ज्याच्या सोयीचा’ हे पटलं.

---

व्याकरणप्रेमी | सोमवार, रात्री ९.००

मी मराठी शिकवायचो, आता निवृत्त आहे. एक निरीक्षण.

आपल्याला नेहमी ऐकवलं जातं की मराठी माणूस रोखठोक, त्याच्या भाषेत ‘प्लीज’ नाही आणि ‘थँक्यू’ नाही. ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ हे शब्द पाटीवर आणि भाषणात राहतात, घरात कुणी आईला “कृपया पाणी द्या” म्हणत नाही, हे खरं. पण आपला मऊपणा वेगळ्या जागी ठेवलेला आहे. वेण्णाकाठचींच्या आप्पांचं वाक्यच घ्या. ‘पाणी द्या’ ही आज्ञा झाली. ‘जरा’ लावलं, ‘देता का’ असं विचारलं, आणि नाही म्हणायची मोकळीक दिली. “बस” आणि “बस ना”, “येते” आणि “येते हं” यांतला फरक मराठी मुलाला बोलायला लागल्यापासून कळतो. ‘हं’, ‘ना’, ‘गं’, ‘रे’, ‘बरं का’ या एवढ्याएवढ्या अक्षरांत आपली माया असते. फोनवर टाइप करताना नेमकी हीच अक्षरं आपण गाळतो, आणि मग साधा निरोप हुकूम वाटतो.

शिवाय आपल्या भाषेने अशुभाला सरळ नाव घेणं टाळलं. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. दिवा विझवत नाहीत, मालवतात किंवा शांत करतात. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. देवापुढे नारळ वाढवतात, रात्री दुकान वाढवतात. डब्यातले तांदूळ संपले तर माझी आई “तांदूळ वाढलेत” म्हणायची. लहानपणी मी डबा उघडून बघायचो, खरंच वाढलेत का. ऐकणाऱ्याच्या मनाला टोचू नये म्हणून ही सगळी काळजी. असं रोज हातात असलेलं आपण वापरत नाही, याची मला खंत वाटते.

---

मांडवी | सोमवार, रात्री ९.४५

सर, गोव्यात कोंकणीत ‘धन्यवाद’ला आम्ही “देव बरें करूं” म्हणतो. देव तुझं बरं करो. माझ्या सासूच्या माहेरी मासे विकणारी बाई पैसे घेताना म्हणायची, आणि सासू मासे घेताना म्हणायची. दोघी एकमेकींना. आभार मानून हिशेब मिटवायचा नाही, समोरच्याचं पुढचं भलं देवावर सोपवायचं. माझं माहेर कोल्हापूरचं. लग्नानंतर हे ऐकलं तेव्हा मला इतकं आवडलं की मी आता मराठीतही “देव बरं करो” म्हणते.

---

दूरदेशी | मंगळवार, पहाटे ३.२०

जर्मनीत असतो, सात वर्षं झाली. हिवाळ्यात आपल्यात साडेचार तासांचं अंतर. मी ऑफिसातून सुटतो तेव्हा आई झोपायच्या तयारीत असते. रोज एकच प्रश्न, “जेवलास का?” इथे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. पहिली दोन वर्षं मी तिला समजावून सांगायचो, आई, इथे अजून संध्याकाळ आहे, जेवायची वेळ झाली नाही. ती “हो का, बरं” म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. एकदा मी चिडलो.

मग बाबांनी एकदा सांगितलं, “अरे, तिला माहितीये तिकडे किती वाजलेत. तिने भिंतीवर दुसरं घड्याळ लावलंय तुझ्या वेळेचं.”

आता मी पाच वाजता “जेवलो गं” म्हणतो.

---

रानजाई | मंगळवार, सकाळी ८.१५

@दूरदेशी, दुसरं घड्याळ!! सकाळी सकाळी रडवलंत.

---

खडू आणि फळा | मंगळवार, दुपारी ४.३०

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चौथीचा वर्ग. वह्या तपासताना मी काय लिहिते याकडे मुलं किती लक्ष देतात हे मला नोकरीच्या सहाव्या वर्षी कळलं. तोवर बरोबर-चूकच्या खुणा आणि खाली सही.

एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर निघायचे ते उन्हाळा लागल्यावर परत. तो आजीकडे राहायचा. अक्षर अगदी वेडंवाकडं. एके दिवशी पूर्ण पानावर एकच ओळ सरळ आली होती. मी तिच्या बाजूला लिहिलं, “ही ओळ फार छान आली. कशी काढलीस?” प्रश्न विचारला म्हणून त्याला उत्तर द्यावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी वहीत खाली त्याने लिहिलं होतं, “हळू काढली बाई.”

मी लिहिलं, “उद्या दोन काढ.” तो लिहायचा, मी लिहायची. मार्चपर्यंत आमचा असा पत्रव्यवहार चालला. मे महिन्यात आईवडील आले तेव्हा आई शाळेत आली. वही पिशवीत होती. तिला वाचता येत नाही, पण माझ्या लाल शाईवर बोट ठेवून म्हणाली, “बाई, हे काय लिवलंय ते वाचून दावा. त्यानं दाखवलं, पन मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.” मी सगळं वाचून दाखवलं, पहिल्या पानापासून.

नुसतं ‘छान’, ‘उत्तम’ लिहिलं तर मुलं ते दुसऱ्या दिवशी विसरतात. नेमकं काय छान, ते लिहिलं की त्यांना धरायला काहीतरी मिळतं. हे मी नव्या शिक्षकांना आवर्जून सांगते.

---

वाचा उपचार | मंगळवार, रात्री १०.२०

मी वाचा उपचारतज्ज्ञ आहे. वेण्णाकाठची ताई, तुमच्या आप्पांबद्दल वाचून राहवलं नाही.

वाचाघातात असं पुष्कळदा दिसतं. नवं वाक्य जुळवता येत नाही, पण वर्षानुवर्षं घोटलेलं बोलणं शाबूत राहतं. एक ते दहा आकडे, वारांची नावं, आरती, रामरक्षा, नमस्कार-चमत्कार. बोलता न येणारा माणूस आरती सुरू झाली की शब्दन्‌शब्द म्हणतो, आणि घरचे थक्क होतात. आपण नव्याने जुळवतो ते बोलणं आणि तोंडात बसलेलं बोलणं मेंदू एकाच पद्धतीने हाताळत नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगते, कारण इथे वाचून कुणाच्या तरी मनाला लागेल. काही पेशंटच्या तोंडात शिव्या उरतात. अत्यंत सज्जन, कधी आवाज न चढवलेली माणसं. त्यांच्या बायका माझ्यासमोर मान खाली घालून म्हणतात, “हे असे नव्हते हो.” मी त्यांना सांगते, मला माहीत आहे. जे उरलं त्यावरून माणूस जोखायचा नसतो. त्या शिवीच्या मागेही पेशंटला काहीतरी सांगायचंच असतं. तुमच्या सासूबाईंनी जे केलं तेच तिथेही करायचं, शब्द सोडून माणसाकडे बघायचं.

घरी कुणाला हा त्रास असेल तर एवढं पाळा. छोटी वाक्यं बोला, पण लहान मुलाशी बोलतात तसं बोलू नका. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाही उत्तराचा. विचारल्यावर थांबा, मनातल्या मनात दहा मोजा. त्यांचं वाक्य घाईने पुरं करू नका. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल “यांना काही कळत नाही” असं कुणालाही बोलू देऊ नका, पाहुण्यांनासुद्धा. कळत असतं.

आणि तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर मालिश, काढा यात वेळ घालवू नका. गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन बहुतेक वेळा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी स्कॅन करावा लागतो. लगेच गाडी काढा.

---

स्पष्टच सांगते | मंगळवार, रात्री १०.४०

“हे असे नव्हते हो.” माझ्या मोठ्या काकांचं असंच झालं होतं. आम्ही मुलांना त्यांच्या खोलीत जाऊ द्यायचो नाही. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर.

---

अबोली | बुधवार, सकाळी ९.३०

कुणी गेल्यावर भेटायला जातात तेव्हाच्या बोलण्याबद्दल लिहू का? माझे मिस्टर गेले तेव्हा “सुटले बिचारे”, “देवाला आवडले”, “आता तुलाच खंबीर व्हायचंय” हे दिवसभर ऐकलं. सगळे मायेनेच बोलत होते, मी कुणाला दोष देत नाही. पण ‘खंबीर’ या शब्दाचा मला अजून राग येतो.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, भावकी कडू घास आणते. माझी चुलत जाऊ पिठलं-भाकरी घेऊन आली. माझ्यासमोर बसली. काहीच बोलली नाही. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “एवढा एकच.” मी खाल्ला. थोड्या वेळाने पुन्हा, “एवढा एकच.” अशी अर्धी भाकरी गेली पोटात. आमच्या दोघींचं त्याआधी सात वर्षं बोलणं नव्हतं, बांधाच्या वादावरून.

---

वेण्णाकाठची | बुधवार, रात्री ११.०५

सगळ्यांचं दोनदा वाचलं. अबोली ताई, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी चष्मा काढून ठेवला. दूरदेशी, तुमच्या आईला सांगा, सातारच्या एका बाईने त्यांच्या घड्याळाची चौकशी केली. वाचा उपचार ताई, हो-नाहीचे प्रश्न आणि दहा मोजणं कालपासून सुरू केलं. मी सात मोजेपर्यंतच बोलून टाकत होते, आज दहापर्यंत थांबले. आठव्या आकड्याला त्यांनी मान हलवली.

आजचं सांगायचं राहू नये म्हणून लिहिते.

माझी मुलगी यंदा अकरावीला पुण्याला वसतिगृहात आहे. संक्रांतीला आली होती, आज दुपारच्या गाडीने परत गेली. बॅग दारात, रिक्षा बाहेर उभी, आणि ती आप्पांच्या पाया पडायला आत गेली. “आप्पा, येते हं.” आप्पा म्हणाले, “जरा पाणी देता का?”

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. तिने पाठीवरची सॅक काढून खाली ठेवली आणि खाटेवर बसली. मी बाहेर जाऊन रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, थोडं थांबता का, आजोबांशी बोलतेय. तो म्हणाला, “बोलू द्या हो, पुढची गाडी आहेच की.” आणि त्याने इंजिन बंद केलं.